बदललेली एमजीबी खोटी नव्हे

जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींमध्ये एक मत फार ठामपणे मांडलं जातं. गाडी ज्या इंजिनासह आणि ज्या पत्र्यासह कारखान्यातून बाहेर पडली, तेवढंच तिचं खरं रूप. पुढे कुणी तिच्यात दुसरं इंजिन बसवलं, नवा सांगाडा घातला किंवा नंतरच्या मॉडेलचं अंग तिच्यावर चढवलं, की ती भ्रष्ट झाली. मग ती कितीही नीट चालो, इतिहासात तिला जागा नाही. हे मत मांडणारी माणसं अडाणी नाहीत. त्यांतल्या अनेकांनी स्वतःच्या हाताने, पदरचे पैसे घालून गाड्या वाचवल्या आहेत, आणि त्यांच्या चिकाटीशिवाय कित्येक मॉडेलं केव्हाच भंगारात गेली असती. म्हणून त्यांना उत्तर द्यायचं तर तेही पुराव्यानिशी आणि मनापासून द्यायला हवं. माझं उत्तर असं आहे: गाडी बदलणं हा इतिहासाचा अपमान नाही. बदल लपवणं हा आहे.

या वादासाठी मी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार निवडतो. आपल्याकडे एमजी म्हटलं की आज हेक्टर डोळ्यांसमोर येते. ही गोष्ट मात्र त्या नावाच्या जुन्या, ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या कारखान्याची आहे. १९६२ साली तिथून एमजीबी बाहेर पडली. दोन माणसांची उघडी गाडी, १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, सुमारे ९५ हॉर्सपॉवर. १९६५ मध्ये तिची छपराची जीटी आवृत्ती आली. १९८० साली कारखाना बंद पडेपर्यंत पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या. आज त्यांतल्या कितीतरी गाड्यांत रोव्हरचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन आहे, काहींत मझदाचं आहे, आणि काहींचा सांगाडा मूळ गाडीनंतर कित्येक वर्षांनी घडवलेला आहे. मूळवाद्यांचे बहुतेक सगळे आक्षेप या एका गाडीवर तपासून पाहता येतात.

पहिला आक्षेप घराण्याचा. एमजीच्या बॉनेटखाली रोव्हरचं इंजिन म्हणजे परकं रक्त, असं म्हटलं जातं. एमजीचा इतिहास ज्यांना पाठ आहे त्यांनी तरी हे म्हणू नये. मॉरिस गराजेस हा मुळात ऑक्सफर्डमधला गाड्यांच्या विक्री-दुरुस्तीचा व्यवसाय. सेसिल किंबर त्याचा व्यवस्थापक होता. १९२०च्या दशकात त्याने साध्या, घरगुती मॉरिस गाड्यांची चासी घेऊन तिच्यावर हलकी, देखणी बॉडी चढवायला सुरुवात केली. त्या गाड्या एमजी म्हणून विकल्या गेल्या. पुढे ज्या एम-टाइप मिजेटने एमजीचं नाव सामान्य तरुणांपर्यंत नेलं, तिची चासी मॉरिस मायनरची होती आणि ८४७ सीसीचं इंजिनही मायनरचंच होतं. दुसऱ्याच्या गाडीला नवं अंग देणं, हाच या कारखान्याचा पाया आहे.

एमजीबीच्या ज्या इंजिनाला आज 'मूळ' म्हणून मान दिला जातो, त्याचंही कूळ पाहा. १९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन या दोन कट्टर प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन तयार झाली. त्यानंतर एमजीला जे बी-सिरीज इंजिन मिळालं, ते ऑस्टिनच्या घरचं होतं. १९५५च्या एमजीएमध्ये ते १४८९ सीसीचं होतं, एमजीबीत वाढून १७९८ सीसीचं झालं. हेच १४८९ सीसीचं बी-सिरीज आपल्याकडे ॲम्बेसेडरमध्ये होतं, म्हणजे त्याचा आवाज कित्येक मराठी घरांनी दारात ऐकलेला आहे. प्रतिस्पर्ध्याचं, टॅक्सीत आणि सरकारी गाडीत चालणारं इंजिन एमजीत चालतं, त्याने एमजीचं कूळ बुडत नाही. मग रोव्हरच्या इंजिनाने ते कसं बुडतं?

नव्या अंगाबद्दलही तेच. १९५१ साली जॉर्ज फिलिप्स नावाच्या शर्यतपटूला ले मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरायचं होतं. तेव्हाची एमजी टीडी दिसायला जुन्या पद्धतीची होती, तिचा उभट पुढचा भाग आणि सुटे मडगार्ड वाऱ्याला अडवत. एमजीचा अभियंता सिड एनेव्हर याने त्याच टीडीच्या चासीवर एक बुटकी, वारा कापणारी बॉडी बसवली. जुन्या चासीमुळे चालक फार उंच बसतो, एवढा एक दोष उरला. तो काढण्यासाठी नवी चासी आखली गेली आणि त्यातून एमजीए जन्मली. जुन्या स्पोर्ट्‌स कारवर नव्या काळाची बॉडी चढवण्याचा हा प्रयोग झाला नसता, तर एमजीए वेगळीच झाली असती आणि तिच्यानंतरची एमजीबीही. एनेव्हरच्या नावाने शपथ घेणाऱ्यांनी एनेव्हरने काय केलं, तेही लक्षात ठेवायला हवं.

इथे मूळवादी दुसरा मुद्दा पुढे करतात, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. ते म्हणतात, कंपनीने केलेला बदल वेगळा आणि मालकाने गॅरेजात केलेला बदल वेगळा. कंपनीकडे अभियंते असतात, चाचण्या असतात, जबाबदारी असते. हे खरं आहे. पण एमजीबीच्या बाबतीत घटनांचा क्रम उलटा आहे. इथे आधी बाहेरच्या माणसाने बदल केला आणि कंपनी त्याच्या मागून गेली.

केन कॉस्टेलो हा शर्यतीत मिनी चालवणारा माणूस. १९७०च्या आसपास त्याने एमजीबीत रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ बसवलं आणि तशा गाड्या गिऱ्हाइकांसाठी करून द्यायला लागला. त्याने अशा दोनशेच्या आसपास गाड्या केल्या. तेव्हा एमजीची मालक असलेल्या ब्रिटिश लेलंडच्या अधिकाऱ्यांनी त्याची गाडी मागवून पाहिली. त्यानंतर ॲबिंग्डनला स्वतःची गाडी तयार करण्याची परवानगी मिळाली, आणि १९७३ मध्ये एमजीबी जीटी व्ही-८ अधिकृतपणे बाजारात आली. १३७ हॉर्सपॉवरची ही गाडी १९७६ पर्यंत निघाली, एकूण २,५९१. आज या गाड्या मूळवाद्यांच्या मेळाव्यात मानाने उभ्या राहतात. ज्या कल्पनेवर त्या उभ्या आहेत, ती एका बाहेरच्या माणसाच्या गॅरेजातून आली. त्या कल्पनेला कारखान्याचा शिक्का लागला की ती इतिहास होते आणि शिक्का नसला की भ्रष्टता, हा नियम तर्काला धरून नाही.

हे इंजिन एमजीबीत शोभलं, त्याला तांत्रिक कारण आहे. त्याचा जन्म अमेरिकेत, ब्युइकमध्ये, १९६१ साली झाला. ते संपूर्ण ॲल्युमिनियमचं होतं. जनरल मोटर्सने ते काही वर्षांत सोडून दिलं आणि १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले. सिलिंडर दुप्पट असूनही त्याचं वजन एमजीबीच्या लोखंडी चार सिलिंडरच्या इंजिनाएवढंच जवळपास भरतं. म्हणून गाडीचा तोल बिघडत नाही.

याच्या शेजारी एमजीसी ठेवून पाहा. १९६७ मध्ये कंपनीने स्वतः, आपल्या अभियंत्यांसह आणि चाचण्यांसह, एमजीबीत २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं लोखंडी इंजिन घातलं. ते इतकं जड आणि लांब होतं की पुढचं सस्पेन्शन बदलून टॉर्शन बार घालावे लागले आणि बॉनेटला फुगवटा द्यावा लागला. गाडी नाकाने जड झाली, वळणावर सरळ जाऊ पाहते अशी टीका तिच्यावर झाली, आणि १९६९ मध्ये ती बंद पडली. कारखान्याचा शिक्का म्हणजे चांगल्या कामाची हमी नव्हे आणि गॅरेज म्हणजे वाईट काम नव्हे, हे एमजीबीच्या एकाच घराण्यात सिद्ध झालेलं आहे.

शिवाय कंपनीने जे अर्धवट सोडलं, ते मालकांनी पूर्ण केलं. लेलंडने व्ही-८ फक्त छपराच्या जीटीत दिलं. ते अमेरिकेत विकलं नाही, आणि उघडी व्ही-८ एमजीबी तर कधी काढलीच नाही. वर्षानुवर्षं उघड्या एमजीबीत व्ही-८ घालण्याचं काम मालक आणि छोटी गॅरेजं करत राहिली. १९९२ च्या शेवटी रोव्हर कंपनीने एमजी आरव्ही-८ दाखवली, तेव्हा ती नेमकी तीच गाडी होती: उघडी, एमजीबीच्या सांगाड्यावर बांधलेली, गोलसर नवं अंग ल्यालेली, ३.९ लिटरच्या व्ही-८ची, मागे अजूनही पाटे असलेली. सुमारे दोन हजार गाड्या निघाल्या आणि बहुतेक जपानला गेल्या. जुनी स्पोर्ट्‌स कार, नवं अंग, मोठं इंजिन: ज्या मिश्रणाला नावं ठेवली जातात, तेच मिश्रण एमजीने स्वतःच्या नावाने विकलं.

आता तिसऱ्या आक्षेपाकडे येतो, कारण सगळ्या वादाचा कणा तोच आहे. 'मूळ रूप' जपा, असा आग्रह धरला जातो. माझा प्रश्न आहे, कुठलं मूळ रूप? एमजीबी अठरा वर्षं निघत होती आणि त्या काळात ती सतत बदलत होती. सगळ्यात मोठा बदल १९७४च्या सुमारास झाला. अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांसाठी गाडीला पुढे-मागे काळे, जाड रबरी बंपर आले. बंपर ठरावीक उंचीवर बसावेत म्हणून सगळी गाडीच इंच-दीड इंच उचलली गेली. त्यात खर्च वाचवण्यासाठी उघड्या गाडीतला पुढचा अँटी-रोल बार काढून टाकला. उंच झालेली गाडी वळणावर आणखी कलू लागली. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांत धुराच्या नियमांपायी दोन एसयू कार्ब्युरेटर जाऊन एकच स्ट्रॉमबर्ग आला आणि ताकद बरीच घटली. पुढे १९७७च्या मॉडेलपासून पुढे-मागे अँटी-रोल बार देऊन कंपनीने आपली चूक काहीशी निस्तरली.

१९७५ची एमजीबी आज कुणी विकत घेतली, तिची उंची कमी केली, तिला बार बसवले, जुने क्रोम बंपर लावले आणि दोन कार्ब्युरेटर परत दिले, तर तो माणूस मूळवाद्यांच्या लेखी गुन्हेगार ठरतो. मला तो सिड एनेव्हरच्या आराखड्याकडे परत जाणारा माणूस वाटतो. १९७५च्या त्या रूपात रचनाकाराची इच्छा कमी आणि हिशेबनिसाची व कायद्याची इच्छा जास्त आहे. ते रूपही इतिहासच आहे, आणि त्याच्या काही गाड्या जशाच्या तशा राहायलाच हव्यात. पण पाच लाखांतली प्रत्येक गाडी त्या एका वर्षाच्या तडजोडीची कायमची साक्षीदार राहिली पाहिजे, हा आग्रह इतिहासाच्या प्रेमातून आलेला नाही. तो मॉडेल-वर्षाच्या यादीच्या प्रेमातून आला आहे.

सांगाड्याचा आक्षेप आणखी भावनिक असतो. इंजिन बदललं तर एक वेळ चालेल, पण सांगाडाच नवा घातला तर जुन्या गाडीचं उरलं काय, असं विचारतात. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यातही दरवाज्यांखालून जाणाऱ्या पोकळ पेटीसारख्या पट्ट्या, ज्यांना सिल म्हणतात, त्यांच्यावर उघड्या गाडीची सगळी ताकद अवलंबून असते, कारण वर छप्पर नाही. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते या पोकळीत शिरून आतून पत्रा खातं. बाहेरून चकचकीत रंगवलेली एमजीबी आतून कुजलेली असू शकते, आणि तशी गाडी मधोमध वाकते.

कुजलेल्या सिलवर पत्र्याचे तुकडे ठोकून, वर लांबी भरून, रंग मारून 'मूळ सांगाडा' वाचवल्याचं समाधान मिळवता येतं. अपघातात मात्र तो सांगाडा माणसाला वाचवणार नाही. १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने एमजीबीचे संपूर्ण सांगाडे पुन्हा तयार करायला घेतले. त्यासाठी बरेचसे मूळ प्रेस-साचेच शोधून वापरले. म्हणजे ज्या साच्यांतून १९६०च्या दशकातला पत्रा निघाला, त्यांतूनच हा पत्रा निघाला. हे सांगाडे आले नसते तर कित्येक एमजीबींची यंत्रं गॅरेजच्या कोपऱ्यात सुटी पडून राहिली असती. आरव्ही-८चा आधारही हाच सांगाडा.

गाडीची ओळख नेमकी कशात असते, याचं एक व्यावहारिक उत्तर ब्रिटनच्या वाहननोंदणी खात्याने दिलेलं आहे. बदललेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येईल का, हे ठरवण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं गुणांची पद्धत वापरली. मूळ किंवा उत्पादकाकडून नवा घेतलेला सांगाडा असेल तर पाच गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. इंजिनाला फक्त एक. चौदापैकी आठ गुण मिळाले की गाडी आपली ओळख टिकवत असे. या पद्धतीने इंजिनाला सगळ्यात कमी वजन दिलं आणि नव्या, योग्य सांगाड्यालाही मूळ सांगाड्याएवढाच मान दिला. रोज हजारो कागद तपासणाऱ्या खात्याला जे कळलं, ते गाडीवर जीव टाकणाऱ्यांना कळायला अवघड नसावं.

मूळवाद्यांचं शेवटचं आणि सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे वारसा-जतनाचं तत्त्वज्ञान. जुन्या वाहनांच्या फीव्हा या आंतरराष्ट्रीय महासंघाने ट्युरिन सनद नावाचा मसुदा स्वीकारला आहे. वाहनं, त्यांचं तंत्र आणि त्यांचा इतिहास जपण्यावर त्याचा भर आहे, आणि त्याला आदर्श आहे तो प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेचा. मला या सनदांबद्दल आदर आहे, म्हणूनच त्या पूर्ण वाचाव्यात असं वाटतं. व्हेनिस सनद सांगते की वास्तूमध्ये वेगवेगळ्या काळांनी घातलेली योग्य भर मानली पाहिजे. सगळी वास्तू एकाच शैलीत आणणं हा जीर्णोद्धाराचा हेतू नव्हे. ती असंही सांगते की नव्याने घातलेला भाग मूळ भागापासून ओळखू आला पाहिजे, नाहीतर जीर्णोद्धार खोटा पुरावा तयार करतो.

ही दोन तत्त्वं एमजीबीला लावून पाहा. पहिल्या तत्त्वाने १९७०च्या दशकात कॉस्टेलोसारख्यांनी घातलेलं व्ही-८ हा गाडीच्या आयुष्याचा भाग ठरतो, आणि 'मूळ' करायच्या नादात ते उपटून काढणं हाच इतिहासाचा नाश ठरतो. दुसऱ्या तत्त्वाने गुन्हा कुणाचा, तेही कळतं. साध्या जीटीत व्ही-८ घालून, वर कारखान्याचे बिल्ले लावून, ती २,५९१ पैकी एक आहे असं सांगून विकणारा माणूस अपराधी आहे. तीच गाडी 'मी केलेलं रूपांतर' म्हणून उघडपणे चालवणारा माणूस अपराधी नाही. दोघांनी नटबोल्ट तेच फिरवले असतील. फरक सत्याचा आहे.

मूळवादी जिथे बरोबर आहेत, तिथे ते मान्य न करणं अप्रामाणिकपणा होईल. ट्रायम्फ स्टॅगचं उदाहरण घ्या. १९७० ते १९७७ दरम्यान निघालेल्या या देखण्या गाडीत ट्रायम्फचं स्वतःचं तीन लिटरचं व्ही-८ होतं. ते सारखं तापायचं. ओतकामातली वाळू पाण्याच्या वाटांत राहून जायची, आणि पाण्याचा पंप इतका वर बसवलेला होता की पाणी थोडं कमी झालं की तो कोरडा फिरायचा. कंटाळलेल्या मालकांनी कित्येक स्टॅगमध्ये रोव्हरचं व्ही-८ बसवलं. पुढे जाणकारांनी दाखवून दिलं की वाटा नीट साफ केल्या, चांगला रेडिएटर लावला आणि पाण्यावर लक्ष ठेवलं तर तेच इंजिन नीट चालतं. आज जिवंत मूळ इंजिनाची स्टॅग लोक आवर्जून शोधतात. इथे इंजिन बदलणाऱ्यांपैकी अनेकांनी दुरुस्तीचा आळस बदलाच्या नावाखाली झाकला होता. निदान न करता अवयव बदलणं वाईटच.

तसंच संख्येचं. खरी एमजीबी जीटी व्ही-८, सुरुवातीच्या काळातली सांभाळलेली एमजीबी, शर्यतीचा इतिहास असलेली गाडी, किंवा पहिल्या मालकापासून एकही पाना न लागलेली गाडी, अशा गाड्यांना कापू नये. त्या थोड्या आहेत आणि त्यांच्यातली माहिती दुसरीकडे कुठेही नाही. पण मग नियम असा होतो: दुर्मिळ ते जपा, विपुल ते वापरा. पाच लाखांच्या उत्पादनातली, रबरी बंपरची, कुजलेल्या सिलची, थकलेल्या इंजिनाची एमजीबी ही विपुल गाडी आहे. तिला नवं आयुष्य देणाऱ्याला दुर्मिळ वस्तू फोडणाऱ्याच्या रांगेत उभं करणं अन्याय आहे.

सुरक्षिततेचा आक्षेप मी सगळ्यात गंभीर मानतो, आणि त्याचं उत्तर बंदी हे नसून चांगलं काम हे आहे. ९५ हॉर्सपॉवरसाठी केलेल्या गाडीत दुप्पट ताकदीचं इंजिन नुसतं टाकून दिलं, तर ती गाडी धोकादायकच होते. एमजीनेही जीटी व्ही-८ला जास्त जाड ब्रेक डिस्क आणि मोठे कॅलिपर दिले होते. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर साध्या गाडीत ३.९च्या आसपास असतं. ते व्ही-८मध्ये ३.०७ केलं, नाहीतर इंजिन उगाच ओरडत राहतं आणि ताकदीचा उपयोग होत नाही. नीट रूपांतर करणारा कारागीर आधी ब्रेक पाहतो, मग स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टपासून दूर जातो का ते पाहतो, रेडिएटरला पुरेशी हवा मिळते का ते पाहतो, सिल ठोकून आणि गरज पडली तर कापून तपासतो, आणि सगळ्यात शेवटी हॉर्सपॉवरचा आकडा सांगतो. २०१२ मध्ये एमजीबीच्या पन्नाशीनिमित्त फ्रंटलाइन या ऑक्सफर्डशायरमधल्या कंपनीने नव्या हेरिटेज सांगाड्यात मझदाचं दोन लिटरचं २१४ हॉर्सपॉवरचं इंजिन घालून गाड्या केल्या. इंजिनाबरोबर सहा गिअरची पेटी, सस्पेन्शन आणि ब्रेकही बदलले, कारण एक भाग बदलला की बाकीच्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. याउलट कुजलेल्या पत्र्यावर फायबरचे रुंद मडगार्ड चिकटवून, वर मोठं इंजिन ठेवून फिरणाऱ्याची बाजू मी एक क्षणही घेणार नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे एक इशारा द्यायला हवा. इंजिन बदलण्याचा वारसा आपल्याकडेही आहे, पण तो कारखान्यांचा: ॲम्बेसेडरला पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन मिळालं आणि कुर्ल्याच्या प्रीमिअरने ११८ एनई या फियाट घराण्यातल्या गाडीत निसानचं इंजिन घातलं. मालकांसाठी मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल स्पष्ट आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा नोंदणी-पुस्तकातला तपशील वेगळा होईल असा बदल चालत नाही. ब्रिटनमध्ये जे रीतसर करता येतं, ते इथे मनाने करू नये. माझ्या मते आपल्या कायद्यानेही तपासणी करून, नोंद करून, जुन्या गाड्यांच्या रूपांतराला एक सरळ वाट द्यायला हवी. वाट नसली की लोक चोरवाट शोधतात, आणि चोरवाटेने आलेली गाडी कुणीच तपासत नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो गाडी कशासाठी असते याचा. काही गाड्या संग्रहालयासाठी असाव्यात, आणि त्यांच्या एका नटालाही हात लागू नये. पण ज्या गाड्या रस्त्यावर राहणार आहेत, त्यांच्यामुळेच पत्रेकाम करणारे, कार्ब्युरेटर जुळवणारे, पाटे बांधणारे हात शिल्लक राहतात. ते हात गेले तर संग्रहालयातली मूळ गाडीही दुरुस्त करायला कुणी उरणार नाही. बदललेल्या एमजीबी हे काम रोज करत आहेत, आणि त्यांच्या मागणीमुळेच नवे सांगाडे आणि सुटे भाग अजून बाजारात मिळतात. मूळ गाड्यांनाही त्याच भागांचा आधार आहे.

म्हणून माझं दोन्ही बाजूंना सांगणं आहे. मूळवाद्यांनी गाडीचं बॉनेट उघडताच निकाल देऊ नये. काम कसं झालंय, का झालंय आणि ते उघडपणे सांगितलंय का, एवढं आधी विचारावं. रूपांतर करणाऱ्यांनी प्रत्येक बदलाची तारखेसह लेखी नोंद आणि छायाचित्रं गाडीबरोबर ठेवावीत, जुने सुटे भाग शक्य तोवर फेकू नयेत, नोंदणीत जे आहे तेच खरं असू द्यावं, आणि गाडी विकताना खरेदीदाराच्या हातात ती सगळी फाइल आधी द्यावी, किल्ली नंतर.